सात ठिकाणी तत्रैव

पान एकशे बाराच्या तळाशी तीन ओळींची जागा होती आणि तिथे पाच ओळी बसवायच्या होत्या. गुरुवार, दुपारचे साडेतीन. प्रमिला माझ्या टेबलाशी उभी होती. तिच्या हातात तिच्या गाईडच्या अक्षरातली चिठ्ठी.

"एवढं एकच पान शैला," ती म्हणाली. "सरांनी सांगितलंय, त्यांच्या लेखाचा उल्लेख इथे यायला हवा."

"एकच पान असं काही नसतं. इथे दोन ओळी वाढल्या की पुढचं पान ढकललं जातं. मग त्याच्या पुढचं."

"मग?"

"मग वरचा परिच्छेद आवळायचा. तू दहा-बारा शब्द काढ. बाकीचं मी बघते."

तिने उभ्याउभ्याच शब्द खोडले. अगदी सहज. तेच शब्द मी आठवड्यापूर्वी तीन कार्बनांसकट टाईप केले होते, पण ते ती कशाला लक्षात ठेवेल.

मी तेव्हा उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला होते. सकाळ-संध्याकाळ मुलं शिकायला यायची, मधल्या वेळात जॉबवर्क. म्हणजे बाहेरच्या लोकांचं टायपिंग: कोर्टाचे कागद, टेंडरं आणि परीक्षांच्या सुमाराला विद्यार्थ्यांचे प्रबंध. इंग्लिश मशीनं बारा होती, मराठी तीन. मराठी प्रबंध आला की तो माझ्याकडेच. मालक हेमनदास सेठ गिऱ्हाइकाला सांगायचे, "मराठी थीसिस? अपनी शैला मॅडम बी.ए. है।" ते 'बी.ए.' म्हणाले की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? आमच्या घरात माझ्या आधी कोणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं.

खालच्या मजल्यावर जीन्स शिवायचा कारखाना होता. सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की आमची जमीन थरथरायची आणि टेबलावरचा रबर आपोआप कडेला जायचा. त्या थरथरीत तळटिपा टाईप करायच्या.

तळटीप म्हणजे काय ते सांगते. प्रबंधात तुम्ही दुसऱ्याचं काही वापरलंत, मग ते पुस्तकातलं वाक्य असो की एखाद्या माणसाने सांगितलेली गोष्ट, तर ते कुणाचं हे त्याच पानाच्या तळाशी लिहायचं. मजकुरात छोटा आकडा, तळाशी तोच आकडा आणि पुढे नाव, पुस्तक, पान. आता कॉम्प्युटर हे आपोआप करतो. आमच्या वेळी टायपिस्टला आधीच हिशेब करावा लागायचा, की या पानावर तीन टिपा येणार म्हणजे खाली सात ओळी सोडा. त्यासाठी कागदाच्या मागे एक जाड कागद लावायचा. त्याच्या उजव्या कडेला ओळींचे आकडे लिहिलेले असायचे आणि ती कड बाहेर डोकवायची. मजकूर अठरा ओळींवर थांबवायचा की वीस, ते त्यावरून कळायचं. चुकलं की पान फाडायचं. पान म्हणजे चार पानं, कारण प्रबंधाच्या चार प्रती लागत. वर एक बाँड पेपर, खाली कार्बन आणि पातळ कागद.

आणि मग तत्रैव. एकाच पुस्तकाचा संदर्भ लागोपाठ आला तर दरवेळी सगळं नाव लिहीत नाहीत. 'तत्रैव' लिहितात. म्हणजे वरच्याच ठिकाणी. वाणसामानाच्या यादीत आपण एका शब्दाखाली दोन टिंबं देतो ना, तसंच. टायपिस्टला तत्रैव फार प्रिय. जागा वाचते, हात वाचतो.

आता प्रमिला. ती आणि मी अंबरनाथच्या एकाच गल्लीतल्या. आमचे वडील एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. दर पौर्णिमेला दोघींच्या आया एकत्र विहारात जायच्या. कॉलेजात दोघी एका बाकावर. बी.ए.ला तिने माझ्या नोट्स वापरल्या, म्हणजे शब्दशः वापरल्या. रिझल्ट लागला तेव्हा मला सेकंड क्लास आणि तिला पास क्लास. दोन्ही घरांत एकाच दिवशी गोड झालं.

पुढे मला एम.ए. करायचं होतं. घरून नाही म्हणाले. मी टायपिंग शिकले. तिने बाहेरून एम.ए. केलं, लग्न करून बदलापूरला बेलवलीत गेली, एका कॉलेजात पार्टटाइम शिकवायला लागली आणि आता एम.फिल.चा लघुप्रबंध घेऊन माझ्यासमोर उभी होती. खांद्याला चामड्याची बॅग. मनगटावर बारीक पट्ट्याचं घड्याळ, ते ती सारखं बघायची. विद्यार्थी तिला मॅडम म्हणायचे. मलाही म्हणायचे. पण तिला उभे राहून म्हणायचे.

तिची वाक्यं मी दुरुस्त करत होते. 'सदर अभ्यासामध्ये असे दिसून येते की' हे तिने एका पानात सहा वेळा लिहिलं होतं. मी चार वेळा गाळलं. तिला कळलंही नाही. प्रत्येक ठिकाणी मनात यायचं, हे मी लिहिलं असतं तर बरं लिहिलं असतं. ऋणनिर्देशात शेवटून दुसरं माझं नाव होतं, 'सुबक टंकलेखनाबद्दल'. हे शब्द मी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने इतक्या वेळा टाईप केले आहेत की त्यांचं काही वाटत नाही. त्या दिवशी वाटलं.

पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी गोष्ट तिसऱ्या प्रकरणात होती.

तिचा विषय होता आमच्या भागातल्या, खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या बायकांचं कष्टाचं जगणं. वीटभट्टी, बांधकाम, घरी बसून जीन्सचे धागे कापणं. त्यासाठी तिने बारा बायकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतली एक माझी आई. दोन रविवार प्रमिला आमच्या घरी टेपरेकॉर्डर घेऊन बसली होती. मी त्या वेळी धुणी धुवत होते, की भाजीला गेले होते, काहीतरी. आई काय बोलली ते मला माहीत नव्हतं. ते मला आठवड्यापूर्वी कळलं, टाईप करताना.

टायपिस्ट वाचत नाही. डोळे अक्षरं बघतात, अर्थ बघत नाहीत, नाहीतर स्पीड येणार नाही. पण आईची बोली ओळखू आल्यावर हात थांबला. प्रमिलाने ती जशीच्या तशी ठेवली होती:

'पोरगी बी.ए. झाली. पुढं शिकती म्हनली. तिचा बाप हो म्हनला व्हता. म्याच नको म्हनलं. म्हनलं, आजून दोन वर्सं शिकली तर ती आपल्यात बसायची नाय. धागं कापाया संगतीला कोन मग.'

दहा वर्षं मी धरून बसले होते की वडिलांनी नाही म्हटलं. वडील त्याआधीच्या वर्षी वारले. त्यांच्याशी मी शेवटपर्यंत नीट बोलले नव्हते. आणि खरं काय ते आईने प्रमिलाला सांगितलं होतं. मला नाही.

मी ते टाईप केलं. तळाशी टीप टाकली: '७. मुलाखत, भागाबाई, अंबरनाथ.' पुढची चार पानं आईचंच बोलणं होतं, म्हणून आठपासून चौदापर्यंत सगळं तत्रैव. घरी गेले आणि आईला काही विचारलं नाही. प्रमिलाचा हेवा मला आधी होताच. डिग्रीचा, बॅगेचा. आता तो आणखी आत गेला. माझ्या आईचं बोलणंसुद्धा तिलाच मिळालं होतं.

तर तो गुरुवार. प्रमिलाचं काय पणाला लागलं होतं ते मला पक्कं माहीत होतं, कारण ती दर पाच मिनिटांनी सांगत होती. शनिवारी विद्यापीठात प्रबंध जमा करायचा शेवटचा दिवस. जमा केल्याची पावती दाखवली तर जूनपासून तिला कॉलेजात फुलटाइम घेणार होते. नाहीतर दुसरी एक बाई तयार होती. त्यासाठी शुक्रवारी बाराच्या आत पानं बाईंडरकडे जायला हवी होती आणि शनिवारी सकाळी गाईडची सर्टिफिकेटवर सही.

सरांच्या चिठ्ठीत होतं की सातव्या टिपेनंतर त्यांच्या लेखाचा संदर्भ घालावा. लेख वीटभट्टी कामगारांवर होता. सगळ्या टिपांचे आकडे बदलायला वेळ नव्हता, म्हणून प्रबंधात करतात तशी युक्ती केली. नव्या टिपेला ७-अ नंबर दिला. पान एकशे बारा पुन्हा टाईप केलं. प्रमिलाने बघितलं, "छान बसलं गं," म्हणाली, "उद्या साडेनवाला येते," म्हणाली आणि गेली.

मी नवं पान जागेवर लावलं आणि सवयीने पुढच्या पानाशी जुळवून बघितलं.

७. मुलाखत, भागाबाई, अंबरनाथ.
७-अ. सरांचं नाव, लेखाचं नाव, पृ. ४१.
पान उलटलं. ८. तत्रैव. ९. तत्रैव. १०. तत्रैव.

तत्रैव म्हणजे वरच्याच ठिकाणी. आणि वर आता आई नव्हती. सर होते. सातच्या सात टिपा एका ओळीने सरांच्या झाल्या होत्या. आईने वीटभट्टीवर पाठीला पोर बांधून काय वाहिलं, धागे कापताना बोटं कशी निळी व्हायची, माझ्याबद्दल ती पुढे काय काय बोलली, हे सगळं त्या कागदाप्रमाणे सरांनी लेखात पान एकेचाळीसवर लिहून ठेवलं होतं.

प्रमिला जिन्यावर होती. मी हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.

मी हाक मारली नाही. पानं एकावर एक ठेवली, वर वजन ठेवलं, मशीनला कव्हर घातलं. मनात स्वच्छ विचार होता: जाऊ दे. परीक्षक तो लेख उघडून बघेल. पान एकेचाळीसवर भागाबाई नसेल. मग विचारेल, मॅडम, हे कुठून आणलंत? आणि मॅडम घड्याळ बघतील. हा विचार करताना मला बरं वाटत होतं. आपल्या धंद्यात असंही म्हणता येतं की टायपिस्टने मजकूर बघायचा नसतो. जसा कागद आला तसा टाईप करायचा. मला कोणीही बोट लावू शकलं नसतं.

शेअर रिक्षाने अंबरनाथला आले. आई दारात बसून गठ्ठ्यातल्या पँटी एकेक करून मांडीवर घेत होती. मी चहा टाकला. मग विचारलंच.

"तू प्रमिलाला सांगितलंस, माझं एम.ए. तू थांबवलंस म्हणून."

आईने कात्री थांबवली नाही. "सांगितलं."

"मला का नाही सांगितलं?"

"ती इचारत व्हती. बसून इचारत व्हती, तास तास." तिने धागा ओढून काढला. "तू कवा इचारलंस?"

"मी बापाला दोष देत राहिले दहा वर्षं."

"ठावं हाय."

"मग तेव्हा तरी बोलायचंस."

"त्येच म्हनले, माझ्यावर येऊ दे म्हून. म्हनले, पोरगी आईवर रुसली तर घरात र्‍हायची नाय." आईने पुढची पँट मांडीवर घेतली. "त्या मिशीनीत बोलले म्हून मोकळं वाटलं. लिवलं का तिनं नीट?"

मी म्हणाले, "लिहिलंय." आणि ते खोटं होतं.

शुक्रवारी साडेनऊला प्रमिला आली. केसांत गजरा होता, म्हणजे बाईंडरकडे पानं देऊन सरळ कॉलेजात जाणार होती.

"झालं ना सगळं? मोजून दे, मी निघते."

"बस. एक चूक आहे."

"कुणाची? तुझी का माझी?"

"सरांची. पण मी ती काल बघितली आणि बोलले नाही. ती माझी."

मी दोन्ही पानं तिच्यापुढे ठेवली. तिने वाचली. पुढचं उलटलं, आणखी पुढचं. तिचे ओठ हलत होते, तत्रैव, तत्रैव.

"म्हणजे हे सगळं सरांच्या नावावर?"

"चौदापर्यंत. पंधराला दुसरं पुस्तक येतं."

ती खुर्चीत मागे टेकली. "राहू दे शैला," ती म्हणाली.

"राहू दे कसं?"

"एवढं बारीक कोण बघतं? आणि उद्या सही करताना सर तिसरं प्रकरण उघडणार. सात ठिकाणी खाडाखोड दिसली आणि तिथून त्यांचंच नाव खोडलंय असं वाटलं, तर? ते म्हणतील बाईने मुद्दाम केलं. सही नाही केली तर माझं सगळं गेलं. तुला माहितीये."

"त्यांचं नाव जात नाही. ७-अला राहतं. त्यांनी तेवढंच सांगितलं होतं."

"ते तुला कळतं. त्यांना उभ्याउभ्या कसं कळणार?"

आवाज वाढले होते. हेमनदास सेठ गल्ला सोडून आले. "क्या हुआ मॅडम लोग?"

"सेठ, थीसिस में गलती है।"

"किसकी?"

"पार्टी की."

"पार्टी क्या बोलती है?"

"बोलती है रहने दो."

"तो रहने दे ना. जैसा कागज आया वैसा टाइप किया. अपना धंधा इतना ही है।"

कालच मी स्वतःला हेच सांगितलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा आवडलं नाही.

"सेठ, ये मेरी माँ का बोला हुआ है। दूसरे आदमी के नाम पे चढ़ गया।"

सेठांनी पान हातात घेतलं. त्यांना देवनागरी जेमतेम यायची. ते सिंधी लिहायचे ते उर्दूसारख्या अक्षरांत, उजवीकडून डावीकडे. तरी त्यांनी पान नीट बघितलं, जिथे मी बोट ठेवलं होतं तिथे.

"माँ का नाम किधर है?"

"इधर. बस एक जगह."

"कितना टाइम?"

"दो घंटे."

"कर. क्लासवाले बच्चे मैं देखता हूँ।" मग प्रमिलाकडे वळून म्हणाले, "बैठो अदी. चाय मँगाता हूँ।" अदी म्हणजे त्यांच्याकडे बहीण. गिऱ्हाइकाला ते अदी म्हणाले की विषय संपला असं समजायचं.

प्रमिलाचा संपला नव्हता. सेठ गेल्यावर ती हळू म्हणाली, "तू हे माझ्यावरच्या रागाने करतेयस."

"हो. रागाने पण करतेय."

"मी फुलटाइम होणार म्हणून."

"त्याचा पण आहे. काल मी तुला असंच जाऊ देणार होते. परीक्षेत पडलीस तर बघायचं होतं मला."

तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर ओढला. मला वाटलं आता उठेल, पानं उचलेल आणि बाईंडरकडे जाईल. पानं तिची होती. मी अडवू शकले नसते.

"आईंना मी बोलतं केलं, त्याचाही राग आहे ना?" तिने विचारलं.

"ब्लेड तुझ्या बाजूला आहे, ते दे."

तिने बॅग खाली ठेवली. ब्लेड दिलं. मग घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मी काय करू सांग."

सात टिपा, चार प्रती. अठ्ठावीस जागा. एकदा मशीनमधून निघालेल्या चार प्रती पुन्हा एकत्र तंतोतंत बसत नाहीत, म्हणून प्रत्येक पान वेगळं लावावं लागतं. बाँड पेपरवरचं 'तत्रैव' ब्लेडच्या टोकाने खरवडायचं, खडू नखाने घासायचा म्हणजे शाई फुटत नाही. पातळ कागदावर ब्लेड चालत नाही, भोक पडतं. तिथे रबर, तोही एकाच दिशेने. प्रमिलाला मी रबरावर बसवलं. पहिल्या दोन जागांना तिने कागद चुरगाळला. "पुसायचं, पाठ घासायची नाही," मी म्हणाले. तिसरीपासून हात बसला.

पुसलेल्या जागी मी 'भागाबाई, मुलाखत' टाईप केलं. तत्रैवच्या पुढे ओळ रिकामीच होती, त्यामुळे जागा पुरली. कार्बन प्रतीवर रिबनने टाईप केलं तर अक्षर वेगळं दिसतं. म्हणून रिबन खाली पाडायची आणि अक्षरावर कार्बनचा बारीक तुकडा धरून टाईप करायचं, म्हणजे जुन्या-नव्यात फरक कळत नाही. हे काम फार सावकाश होतं. खालच्या मोटारी सुरू झाल्या की मी हात उचलून थांबायचे, बंद झाल्या की अक्षर मारायचे.

भागाबाई, मुलाखत. भागाबाई, मुलाखत. आईचं नाव इतक्या वेळा मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. रेशनकार्डावर एकदा, शाळेच्या फॉर्मवर एकदा.

पावणेबाराला संपलं. प्रमिलाने सगळी पानं पुन्हा वाचली आणि गठ्ठा छातीशी धरून जिना उतरली. थँक्यू म्हणाली का? आठवत नाही. मी म्हणू दिलं नसेल.

सोमवारी ती आली. पावती घेऊनच आली, घडी न घातलेली, फायलीत ठेवलेली.

"सही केली?"

"केली. तिसरं प्रकरण उघडलंच त्यांनी. सातवी बघितली, ७-अ बघितली, पुढची चार पानं बघितली. मग म्हणाले, हे मला दिसायला हवं होतं. कुणाच्या लक्षात आलं?"

"मग?"

"म्हटलं, शेवटचं प्रूफ बघताना आलं."

"कुणाच्या?"

ती पावतीची कड सरळ करत होती. "ते पुढे काही बोलले नाहीत गं. सही केली."

म्हणजे सर घाबरण्यासारखे नव्हतेच. चूक दाखवली तर ती मानणारे निघाले. तेही प्रमिलाच्याच वाट्याला. पुढे तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणाचं कौतुक केलं. बोललेल्या बाईचं नाव प्रत्येक ठिकाणी दिलंय, इतकी काळजी विद्यार्थी घेत नाहीत, असं म्हणाले. हे तिनेच मला सांगितलं, आनंदाने. मी विचारलं, "तू काय म्हणालीस?" ती म्हणाली, "थँक्यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

जूनपासून ती फुलटाइम झाली. पुढे पीएच.डी. केली. आता तिच्या दारावर 'प्रा. डॉ.' अशी पाटी आहे. मी ती पाटी दोनदाच बघितली. वय झाल्यावर हेवा जातो म्हणतात. माझा गेलेला नाही. आईला मी तिसरं प्रकरण वाचून दाखवलं, माझ्याकडे राहिलेल्या प्रमिलाच्या हस्तलिखितावरून. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर हाय." त्यानंतर मी तिच्याजवळ बसून विचारायला लागले. ती फार सांगायची नाही. थोडं सांगायची.

नव्वदनंतर मी बदलापूरला स्वतःची टायपिंगची जागा काढली, मग दोन कॉम्प्युटर घेतले. तळटिपेच्या मध्ये नवी टीप घातली की कॉम्प्युटर पुढचे सगळे आकडे आपोआप बदलतो. विद्यार्थी खूश होतात. पण तत्रैव आता कुणाकडे बोट दाखवतंय हे कॉम्प्युटरला कळत नाही. चूक तशीच राहते, फक्त जास्त स्वच्छ छापली जाते. म्हणून प्रबंध पूर्ण होईपर्यंत मी कुणाला तत्रैव लिहू देत नाही. दरवेळी नाव. आखूड केलेलं चालेल, पण नाव. गाईडने शेवटच्या दिवशी चिठ्ठी पाठवली तरी मग काही हलत नाही.

एखादा विद्यार्थी कुरकुरतो, मॅडम, एकाच बाईचं नाव सात वेळा कशाला? मी म्हणते, ती सात वेळा बोलली म्हणून.